शनिवारचं कार्ड

शालन,

तुझ्या दहाव्याला आलेली माणसं मला एकच गोष्ट विचारत होती. "गुरुजी, पोरगी ममईला नेमकं करत काय हुती?" मी सांगत होतो की एका मोठ्या संस्थेत गणित करणारं यंत्र आहे, त्याला काय करायचं ते सांगण्याचं काम तिच्याकडे होतं. माणसं मान हलवत होती. आपले धोंडीबातात्या मात्र म्हणाले, "यंत्राला बी सांगावं लागतं व्हय? मंग त्ये यंत्र कसलं?" आणि मी हसलो. नदीकाठी, तुझ्या पिंडाजवळ उभा राहून हसलो. कारण हाच प्रश्न मी तुला विचारला होता, आणि तूही अशीच हसली होतीस.

आपल्या भरे गावात त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेला मी एकटाच. दीड वर्ष मीच तुझं यंत्र होतो ना.

तू पहिल्या सुट्टीला घरी आलीस तेव्हाची ती दुपार. आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी तुला म्हटलं, तुमचं ते यंत्र एवढं हुशार आहे तर त्याला आपल्या चौथीच्या वर्गात आणून बसव. तू म्हणालीस, "नाना, ते हुशार नाही. अजिबात नाही. फक्त सांगितलेलं करतं, आणि दमत नाही." मग तू कोनाड्यातल्या तीन रिकाम्या काड्यापेट्या काढल्यास, त्यांच्यावर अ, ब, क लिहिलंस आणि आईच्या मडक्यातले मूठभर चिंचोके माझ्यासमोर ओतलेस. अ मध्ये पाच चिंचोके ठेवायला लावलेस. ब रिकामी. एका कागदावर लिहिलंस:

जोवर अ मध्ये चिंचोके आहेत, तोवर पुढची दोन कामं करा.
अ मध्ये जितके आहेत तितके नवे चिंचोके ब मध्ये टाका.
अ मधला एक चिंचोका काढून टाका.
अट पुन्हा बघा. ती खोटी झाली की थांबा आणि ब मध्ये किती आहेत ते सांगा.

मी कागदाकडे बघितलं आणि हात न लावता म्हणालो, "पंधरा."

"कसे?"

"पाचाला सहानं गुणून निम्मे. एकपासून पाचपर्यंतची बेरीज आहे ही. मास्तर आहे मी."

तू कपाळाला हात लावलास. "नाना, सूत्र मास्तरांना ठाऊक आहे. तुम्ही आत्ता मास्तर नाही, यंत्र आहात. यंत्रानं मधे विचार करायचा नाही. कागद सांगेल तेवढंच करायचं, आणि प्रत्येक फेरीला अट बघायची."

पाच फेऱ्या करून मी पुन्हा पंधरावर आलो. आई सुपातून मान वर करून म्हणाली, "बाप-लेकीला कामं न्हाईत वाटतं." पण चिंचोके तिनं परत मागितले नाहीत.

तू मुंबईला परत गेलीस आणि दर शनिवारी कार्ड यायला लागलं. बुधवारी टाकलेलं कार्ड शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता पोचायचं. वर चार ओळी खुशालीच्या, मधे माझ्यासाठी एक गणित, खाली आईसाठी दोन ओळी. आईला मी तिच्या ओळी वाचून दाखवायचो आणि रविवारी सकाळी काड्यापेट्या घेऊन बसायचो. सोमवारी माझं उत्तर पोस्टात. ते बरोबर आलं तर पुढच्या कार्डावर तू नुसतं 'शाबास यंत्र' लिहायचीस. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर शेरे मारलेला माणूस मी. मला 'शाबास' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. शनिवारची वाट मी गणितासाठी बघत होतो की त्या शब्दासाठी, हे तुला कधी सांगितलं नाही.

एकदा तू लिहिलंस की तुमच्या खऱ्या यंत्राला 'जोवर' हा शब्द कळतच नाही. त्याची वेगळी कार्डं असतात, भोकं पाडलेली. अट तपास, ती खरी असेल तर मागच्या अमुक कार्डावर जा, असं त्याला फोडून फोडून सांगावं लागतं. परदेशात नव्या भाषा निघाल्यात, त्यांत 'व्हाइल' म्हणजे आपला 'जोवर' असा सरळ शब्द आहे म्हणे. खाली लिहिलं होतंस, "आमचं लाखो रुपयांचं यंत्र याबाबतीत माझ्या नानांच्या मागे आहे." ते कार्ड मी शाळेत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. कितव्या तरी कार्डात तू मला अ रिकामीच ठेवायला सांगितलीस, आणि खाली नेहमीचं 'जोवर अ मध्ये चिंचोके आहेत'. मी सवयीनं काम एकदा केलं आणि मग अट बघितली. उत्तर चुकलं. तू लिहिलंस, "आधी अट बघा, नाना. ती पहिल्यापासूनच खोटी असेल तर आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. एकदाही नाही."

मला ते पटलं नाही. मी दोन कार्डं भरून लिहिलं. आसपासच्या गावांत बरीच वर्षं शिकवल्यावर, स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी मी आपल्या गावात शाळा उघडली तेव्हा पहिल्या दिवशी देवळाच्या ओसरीवर एकही मूल आलं नव्हतं. घंटा वाजवून मी तासभर एकटा बसलो. मग घरी गेलो, तुला कडेवर घेतलं आणि ओसरीवर आणून बसवलं. पाच वर्षांची होतीस. तुझ्यासमोर फळ्यावर 'ग' काढला. ते बघून दुसऱ्या दिवशी तिघं आले. 'जोवर वर्गात मुलं आहेत तोवर शिकवा' अशी तुझी अट मी पाळली असती, तर शाळा झाली नसती, आणि तूही तिथवर पोचली नसतीस. मी लिहिलं, "माणसानं आधी एकदा करावं, मग अट बघावी."

तुझं उत्तर आलं: "तुमचं खरं आहे. आधी करून मग अट बघण्याचीही एक रीत आहे. पण ती नंतर शिकवीन. आधी ही पक्की होऊ दे. माझ्या नानांना सगळ्याची घाई."

ती तू शिकवली नाहीस.

आता त्या रविवारचं सांगतो. तुला अर्धंच ठाऊक आहे, कारण पत्रात मी फक्त राग लिहिला होता.

भात झोडून झालं होतं, कणग्या भरल्या होत्या, माणसं निवांत होती. पिरंगुटचे हेडमास्तर आपल्याकडे आले होते. मीच बोलावलं होतं. माझी लेक मला टपालानं काय शिकवते ते त्यांना दाखवायचं होतं, आणि मिरवायचंही होतं, आता खोटं कशाला बोलू. ते बाजेवर चहा घेत बसले. आदल्या दिवशी आलेलं कार्ड मी समोर ठेवलं. अ मध्ये सतरा, ब मध्ये पाच, क रिकामी. 'जोवर अ मध्ये ब इतके किंवा ब पेक्षा जास्त चिंचोके आहेत, तोवर क मध्ये एक चिंचोका टाका. शेवटी क मध्ये किती ते कळवा.'

अट बघितली. सतरा, पाच. खरी. क मध्ये एक टाकला. पुन्हा बघितली. सतरा, पाच. खरी. पुन्हा एक.

चौथ्या फेरीलाच माझ्या लक्षात आलं की अ मधून काहीच कमी होत नाहीये, म्हणजे ही अट जन्मात खोटी होणार नाही. पण मधे विचार करायचा नाही हा तुझाच नियम. मला वाटलं, तू माझी परीक्षा घेते आहेस. यंत्र किती धीराचं आहे ते बघते आहेस. म्हणून मी टाकत राहिलो. क ची पेटी भरली, मी परात घेतली. मडक्यातले चिंचोके संपले तशी आई शेजारून ओंजळभर घेऊन आली. हेडमास्तरांचा दुसरा चहा झाला. परातीत तीनशेच्या वर चिंचोके पडले आणि मी अजून 'सतरा, पाच, खरी' म्हणत होतो.

हेडमास्तर उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "गुरुजी, घाण्याचा बैल फिरतो त्याचं निदान तेल तरी निघतं. लेकीनं बापाची चांगली गंमत केली."

ते गेल्यावर मी परात ओसरीवर पालथी केली आणि तिथंच बसून तुला कार्ड लिहिलं. काय लिहिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "बाप अडाणी नसला तरी म्हातारा आहे. त्याला चारचौघांत खेळणं करून दाखवण्याइतकी तू मोठी झालीस, आनंद आहे. यापुढे गणितं पाठवू नयेत." खाली नाव लिहिलं, 'नाना' लिहिलं नाही.

पुढच्या शनिवारी तुझं कार्ड आलं. अक्षर वाकडं होतं. नेहमीच्या चार ओळी नव्हत्या.

"नाना, तुमची शपथ, गंमत केली नाही. उतरवताना एक ओळ राहिली. 'अ मधून ब इतके चिंचोके काढा' ही. माझीच चूक. मला कणकण आहे, डोकं जड असतं. आईला सांगू नका, उगाच काळजी करेल. रागावू नका."

मी ते वाचलं आणि मला वाटलं, बाप रागावला म्हणून ताप पुढे करते आहे. लहानपणी पाढे चुकले की तुझं पोट दुखायचं, तसं. कार्ड मी खिशात घातलं. आईनं विचारलं, "काय म्हनती?" मी म्हणालो, "खुशाल आहे."

शालन, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या पोरीला ताप आहे हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी 'खुशाल आहे' म्हणालो.

पुढचे दोन शनिवार कार्ड नाही. मीच पाठवू नकोस म्हटलं होतं. तरी शाळा सुटल्यावर मी पोस्टमनच्या वाटेवर उभा राहायचो, आणि तो नुसता रामराम करून पुढे गेला की मनात म्हणायचो, बघू कुणाचा ताठा आधी उतरतो. आई म्हणत होती, "लिवा की वो तिला. तिला ल्ह्यायला तुमीच शिकीवलं ना, हाताला धरून? आन आता दोन वळी लिवाया तुमचा हात उचलंना?" मी म्हणालो, या रविवारी लिहितो.

शुक्रवारी तार आली. 'शालन आजारी. ताबडतोब या.'

आई लुगडं बदलून तयार झाली. "मी बी येती." मी तिला थांबवलं. गाय आजउद्या विणार होती. म्हणालो, "तू कशाला? तापच असेल. मी तिला घेऊनच येतो." तिनं माझ्याजवळ तुझ्यासाठी तांदळाची भाकरी बांधून दिली आणि लसणाची चटणी.

दवाखान्यात तू मला ओळखलंस. केस कापले होते तुझे. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर आहे, उशिरा आणलं. कुणाला बोल लावू? तू कामावर जातच होतीस म्हणे, अगदी पडेपर्यंत.

त्या दुपारी तुला तास-दीड तास शुद्ध होती. तू शाळेचं विचारलंस, गाईचं विचारलंस. आई का नाही आली, ते विचारलं नाहीस. मग म्हणालीस, "माझं कार्ड मिळालं?"

"मिळालं."

"अजून रागावलाय?"

माझ्या ओठांवर आलं होतं. नाही गं, मीच गाढव आहे, असं काहीतरी. पण खोलीत नर्स होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक होते. बापानं लेकीची माफी मागायची म्हणजे कशी, ते मला ठाऊक नव्हतं. मी कधी पाहिलेलंच नव्हतं. मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणालो, "आधी बरी हो. मग बोलू."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. नंतरचे दोन दिवस तू काहीबाही बोलत होतीस, पण माझ्याशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या नळावर तोंड धूत होतो. आत आलो तेव्हा नर्सनं पडदा ओढला होता.

सगळं तिथंच उरकलं. तुझ्या संस्थेतली माणसं खांद्याला होती. एसटीतून उतरलो तेव्हा आई रस्त्यावर उभी होती. माझ्या हातात गाडगं होतं, फडक्यानं तोंड बांधलेलं. ती माझ्या मागे बघत राहिली, कुणीतरी अजून उतरायचं आहे तसं.

त्याआधी, निघायच्या दिवशी, तुझ्या खोलीवर तुझी ट्रंक घ्यायला गेलो होतो. तुझ्या बरोबर राहणारी वत्सला भेटली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं मला एक वही दिली आणि म्हणाली, "हिच्यातूनच ती तुमची कार्डं उतरवायची." मी ते गणित शोधलं. सतरा आणि पाच. वहीत ओळ होती. तुझ्या स्वच्छ अक्षरात, पहिल्या कामाच्या जागी: 'अ मधून ब इतके चिंचोके काढा.' सतराला पाचानं भागायचं होतं, एवढंच. तीन फेऱ्यांत संपणारं.

वत्सला म्हणाली, "हे कार्ड उतरवलं त्या बुधवारी तिच्या अंगात खूप ताप होता. पेन धरवत नव्हतं. मी म्हटलं, उद्या लिही. तर म्हणाली, उद्या टाकलं तर शनिवारी पोचणार नाही. नाना वाट बघतात."

मी त्या खोलीत खाली बसलो. वत्सलानं पाणी आणलं.

वहीची पानं चाळताना आणखी एक कळलं. प्रत्येक गणिताच्या समासात तू माझ्याविषयी लिहून ठेवलं होतंस. 'नाना आधी काम करतात, मग अट बघतात. नव्या मुलांनाही इथे जास्त वेळ द्यायला हवा.' 'नानांना सूत्र आठवतं, म्हणून ते फेऱ्या गाळतात. सूत्र नसलेलं गणित द्यावं.' तुझे साहेब भेटायला आले होते. त्यांनी सांगितलं की नव्यानं भरती होणाऱ्या मुलामुलींना पहिला धडा तू द्यायचीस, आणि तो या वहीवरूनच. तुमच्याकडे म्हणे हसून बोललं जायचं की शालनच्या वडिलांना जे समजलं ते सगळ्यांना समजतं. साहेबांनी फार संकोचून विचारलं, वही काही दिवस इथे राहू द्याल का? मी म्हणालो, काही दिवस नाही, राहूच द्या. माझ्या चुकांचा कुणाला उपयोग होतो हे मला त्या दिवशी कळलं. तू त्या चुका हसण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी जपून ठेवल्या होत्यास. आणि मी तुला लिहिलं होतं, बापाला खेळणं केलंस.

आता आईचं सांगतो.

महिनाभर ती नुसती कामं उरकत राहिली. स्वयंपाक करायची, गोठ्यात जायची, वासराला पाजायची. मग एका सकाळी तुझ्या कार्डांचा गठ्ठा आणून तिनं माझ्यापुढे ठेवला. मी आल्या क्रमानं लावून नाडीनं बांधून ठेवला होता तो.

म्हणाली, "मला वाचाया शिकवा."

मी म्हणालो, "आता?"

"मंग कवा? आजवर तुमी वाचून दावलं तेवढंच मला कळलं. आता तिचं तिला सांगू द्या."

बत्तीस वर्षं मी या पंचक्रोशीतल्या पोरांना बाराखडी शिकवली आणि माझ्याच घरातलं एक माणूस अक्षरावाचून राहिलं. तुलाही याचं कोडं पडायचं, आठवतंय. एकदा विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो, तिला कुठं वेळ असतो. तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी भांडी झाली की ती पाटी घेऊन बसते. लवकर चिडते. जोडाक्षर आलं की पाटी ढकलून देते, पदरानं तोंड पुसते आणि पुन्हा ओढून घेते. 'शालन' तिला पहिल्याच आठवड्यात लिहिता आलं. तुझं पहिलं कार्ड वाचायला तिला चार दिवस लागले. मी मधे सांगायला गेलो तर म्हणाली, "गप ऱ्हावा. मला लागू द्या." गणिताच्या ओळीसुद्धा ती गाळत नाही. 'जोवर', 'तोवर' असं बोट ठेवून म्हणते, अर्थ विचारते, आणि मी सांगतो. तुझ्याइतकं नीट सांगता येत नाही.

परवा ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली तेव्हा मी गठ्ठा सोडला. सगळ्यात खालचं कार्ड बाहेर काढलं. वाकड्या अक्षराचं. 'आईला सांगू नका.' चुलीत विस्तव होता. मी ते बराच वेळ हातात धरून बसलो.

मग होतं तिथंच ठेवलं आणि नाडी बांधली.

ती आता सातव्या कार्डावर आहे. दिवसेंदिवस तिचं वाचन सुधारतं आहे. शेवटच्या कार्डापर्यंत पोचेल, तेव्हा मी तिच्यासमोर बसलेला असेन, शालन. उठून जाणार नाही.